घरच्या लेथवर स्वतःचं टूल घडवताना: आधी टाच बघा, मग पोलाद

प्रश्न असा आहे: घरी लहान लेथ, ड्रिलिंग मशीन, १५० मिमी चाकाचा बेंच ग्राइंडर आणि गॅसची टॉर्च आहे. दोन कामं अडली आहेत. एक, २० मिमी बोअरच्या (आतून कातलेल्या गोल भोकाच्या) आत ३ मिमी रुंद, गोल तळाची, दीड मिमी खोल खाच. दुसरं, नीडल व्हॉल्व्हच्या सुईसाठी निमुळती बैठक. दोन्हींचं तयार टूल मिळत नाही. खाचेसाठी जुन्या कानशीतून टूल काढलं, त्याची धार दुसऱ्याच जॉबला कचकली. मग सिल्व्हर स्टीलचं (भरपूर कार्बनच्या, चकचकीत घासलेल्या पोलादी सळईचं) केलं, ते ग्राइंडरवर निळं पडलं. आता ते कापत नाही, नुसतं किंचाळतं. पोलाद चुकलं का? कार्बाइडकडे वळावं का?

कार्बाइडचं नंतर बोलू. तुमच्या प्रश्नातला ‘किंचाळतं’ हा शब्द मला सगळ्यात जास्त सांगून गेला. किंचाळणारं टूल बहुतेक वेळा दोनपैकी एक तक्रार करत असतं. एक तर धारेच्या खालचा भाग, ज्याला आपण टाच म्हणतो, तो जॉबला घासतोय. नाहीतर टूल धरणारा बार वाकून परत उसळतोय. तुम्ही दिलेल्या मापांवरून दोन्ही होत असणार. पोलाद बदलून यातलं काहीच सुटणार नाही. जगातलं सर्वोत्तम पोलाद घेतलं तरी टाच टेकली की धार जॉबपर्यंत पोचतच नाही.

बाहेरून टर्निंग करताना जॉबचा पृष्ठभाग धारेच्या खाली टूलपासून लांब वळत जातो. त्यामुळे ७-८ अंशांचा क्लिअरन्स, म्हणजे धारेखाली मागे जाणारा उतार, दिला की काम भागतं, आणि तीच सवय हाताला लागते. बोअरमध्ये सगळं उलट होतं. तिथे भिंत धारेखाली टूलच्या अंगावर चालून येते. तुमच्या बोअरची त्रिज्या १० मिमी. धार बरोबर सेंटरला आहे असं धरा आणि ७ मिमी खाली या. १०० मधून ४९ वजा केले, वर्गमूळ काढलं, की ७.१४ उरतात. म्हणजे त्या उंचीवर भिंत २.८६ मिमी आत सरकलेली आहे. ५ मिमी खाली ती १.३४ मिमी आत असते. आता टूलला वरून खालपर्यंत ७ अंशांचा एकच उतार दिला असेल, तर धारेखाली साधारण २.४ मिमीवर टाच भिंतीला भिडते. १० अंश दिले तर ३.४ मिमीवर. कानशीतून काढलेल्या टूलची उंची पाच-सहा मिमी तरी असेल. ते पहिल्या स्पर्शापासून टाचेवर चालत होतं.

हे खरं आहे का ते आजच तपासता येईल. टूलचा पुढचा सगळा चेहरा काळ्या मार्करने रंगवा, बोअरमध्ये घाला, चक हाताने फिरवत टूल हलकेच टेकवा आणि बाहेर काढून बघा. शाई धारेच्या कडेवरून गेली असेल तर टूल ठीक आहे. खालून गेली असेल, चकचकीत पट्टा दिसला, तर ती टाच. शिकत असताना मी एकदा अख्खी संध्याकाळ एका बोअरिंग टूलला पुन्हा पुन्हा धार लावण्यात घालवली होती. धार उत्तम होती, टेकत होती ती खालची टाच. तेव्हापासून आतल्या कामाचं कुठलंही नवं टूल मार्कर लावल्याशिवाय मी मशीन चालू करून वापरत नाही.

आता दुसरी तक्रार, बारची. तुम्ही बारचा व्यास लिहिलेला नाही, पण बहुतेक जण अशा कामाला १० मिमीचा बार घेतात, कारण २० च्या भोकात तो सहज फिरतो. बारचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो आणि बाहेर काढलेल्या लांबीच्या घनाने घटतो. १० ऐवजी १६ मिमीचा बार घेतला तर तो साडेसहा पट कमी वाकतो. लांबी दुप्पट केली तर आठ पट जास्त वाकतो. म्हणून भोकात मावेल तेवढा जाड बार आणि कामाला लागेल तेवढीच लांबी. पोलादी बार व्यासाच्या चौपटीपेक्षा जास्त बाहेर काढला की कापरं भरायला लागतं.

१६ मिमीचा बार तुमच्या भोकात मावतो का? मावतो. टूलचं टोक बारच्या बाहेर २.५ मिमी ठेवा. आत जाताना एकूण रुंदी १८.५ होते, म्हणजे दीड मिमी मोकळे. पूर्ण खोलीवर टोक ११.५ मिमीवर असेल तेव्हा बारची त्या बाजूची कड ९ मिमीवर येते आणि भिंत १० वर आहे. एक मिमीची फट राहते. हे गणित टूल करायच्या आधी कागदावर मांडायचं. बोअरचं वर्तुळ दहापट मोठं काढा, बारचं वर्तुळ जाड कागदातून कापा आणि सरकवून बघा. माझ्या मते टूल घडवण्यातला निम्मा वेळ या कागदावर जायला हवा.

बार साध्या माइल्ड स्टीलचा चालेल. ताठपणाच्या बाबतीत मऊ पोलाद आणि कडक केलेलं पोलाद यांत फरक पडत नाही, हे अनेकांना पटत नाही; पण हार्डनिंगने पोलाद कठीण होतं, ताठ होत नाही. बार धरायला चौकोनी ठोकळा करा. ठोकळा टूलपोस्टमध्ये आवळा, ड्रिल चकमध्ये धरा आणि कॅरेज पुढे रेटून भोक पाडा. ड्रिल वाढवत नेऊन शेवटी रीमर किंवा बोअरिंग. भोक लेथच्या स्वतःच्या सेंटरलाच पडलं, आता उंची जुळवायला पत्र्याचे तुकडे लावायला नकोत. मग ठोकळ्याला एका बाजूने करवतीची चीर द्यायची म्हणजे तो बारला आवळून धरेल.

बारच्या टोकापासून ६-७ मिमीवर, बरोबर अक्षातून आडवं ५ मिमीचं भोक घ्या आणि बारच्या तोंडातून एक ग्रब स्क्रू, जो बिटला, म्हणजे कापणाऱ्या छोट्या तुकड्याला, दाबेल. बिट ५ मिमी गोल, एचएसएसचा (हाय-स्पीड स्टीलचा). बिटच्या अंगाला स्क्रूसाठी छोटी सपाटी घासा, म्हणजे तो फिरणार नाही.

गोल बिट का, ते सांगतो. बाहेर आलेल्या भागाचा माथा अर्ध्या व्यासापर्यंत सपाट घासला की धार बिटच्या अक्षावर येते. बिटचा अक्ष बारच्या अक्षावर, बारचा अक्ष लेथच्या सेंटरवर. उंची आपोआप जुळली. आणि धारेखाली उरतात फक्त अडीच मिमी. वरचं गणित आठवा: १० अंशांच्या उताराला टाच ३.४ मिमीवर भिडते. इथे तेवढी खोलीच नाही. एकच सरळ उतार, १० ते १२ अंशांचा, आणि टाचेचा प्रश्न मिटला. चौकोनी किंवा उंच बिटच वापरायचा असेल तर दोन उतार द्यावे लागतात: वरचे दीड मिमी १० अंश आणि त्याखाली ३० अंश. जमतं, पण घासायचं काम दुप्पट.

आता पोलाद. कानशीचं पोलाद म्हणजे भरपूर कार्बनचं साधं पोलाद. कारखान्यातून ती अतिशय कडक आणि म्हणून ठिसूळ येते, कारण तिला फक्त घासायचं असतं, धक्के खायचे नसतात. शिवाय तिच्या दात्यांच्या मुळाशी हजार ठिकाणी तडा सुरू व्हायला जागा असते. कानशीचं टूल करायचंच तर दाते पूर्ण घासून काढायचे आणि २०० अंश सेल्सिअसला तासभर टेम्पर करायचं, म्हणजे तापवून ठिसूळपणा कमी करायचा. तुम्ही टेम्पर केलेलं नसावं, म्हणून धार कचकली. सिल्व्हर स्टीलची गोष्ट उलटी. निळा रंग म्हणजे कड साधारण ३०० अंशांपर्यंत गेली. साध्या कार्बन पोलादाची धार २०० च्या पुढेच मऊ पडायला लागते. आपले जुने कारागीर म्हणायचे, धारेचं पाणी उतरलं. उतरलेलं पाणी टूल बर्फात ठेवून परत येत नाही. निळा पडलेला भाग घासून मागे सरकायचं, नाहीतर पहिल्यापासून हार्डनिंग करायचं.

एचएसएसला ही भीती नाही, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. १८६८ च्या सुमारास रॉबर्ट मुशेटने टंगस्टन घातलेलं असं पोलाद काढलं की ते पाण्यात न बुडवता हवेतच कडक व्हायचं. पुढे बेथलेहेम स्टीलमध्ये फ्रेडरिक टेलर आणि मॉन्सेल व्हाइट यांनी १८९८ नंतर या जातीची पोलादं वितळण्याच्या जवळपास तापवून पाहिली. तोवर सगळ्यांचा समज असा होता की इतकं तापवलं की पोलाद वाया जातं. त्यांचं टूल टोक लालसर होईपर्यंत तापूनही कापत राहिलं. आजचं नेहमीचं एम-२ एचएसएस म्हणजे साधारण ६ टक्के टंगस्टन, ५ टक्के मॉलिब्डेनम, ४ टक्के क्रोमियम, २ टक्के व्हॅनेडियम. त्याचं हार्डनिंग १२०० अंशांच्या आसपास आणि टेम्परिंग साडेपाचशेच्या आसपास होतं. ज्याला साडेपाचशेला टेम्पर केलंय त्याला तीनशेच्या निळ्या रंगाने काय होणार? पण याच आकड्यांचा दुसरा अर्थ असा की एचएसएसचं हार्डनिंग घरच्या टॉर्चवर करायच्या भानगडीत पडू नका. कडक झालेला बिट घ्या आणि फक्त घासून आकार द्या.

मोडलेल्या एंड मिलची (मिलिंगच्या कटरची) शँक, म्हणजे धरायचा दांडा, हा छान कच्चा माल आहे. आधी तपासा. कानस लावून बघा. कानस घसरली तर कडक, चावली तर मऊ. मोठ्या ड्रिलच्या शँक बऱ्याचदा मऊ ठेवलेल्या असतात, तिथे फसायला होतं. ठिणगी बघणं ही दुसरी खूण: साध्या कार्बन पोलादाच्या ठिणग्या पांढऱ्या आणि फुलबाजीसारख्या फुटणाऱ्या, एचएसएसच्या विरळ, मंद, लालसर. हा फरक एकदा शेजारी शेजारी बघितला की पुढे कधी चुकत नाही.

ग्राइंडरबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण टूल तिथेच घडतं किंवा बिघडतं. बेंच ग्राइंडरबरोबर आलेलं करडं, जाडं चाक सामान्य कामाचं असतं. एचएसएससाठी पांढरं अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचं, मऊ बाँडचं (कण धरून ठेवणारा मसाला मऊ असलेलं) चाक घ्या; एक ६० ग्रिट आणि एक १०० ते १२०. मऊ बाँड म्हणजे बोथट झालेले कण लवकर गळतात आणि नवे टोकदार कण वर येतात. कडक बाँडचं चाक गुळगुळीत होऊन चमकायला लागतं, मग ते कापत नाही, तापवतं. तुमचं सिल्व्हर स्टील निळं पडलं त्यात या चाकाचाही हात असणार. चाकाचा वरचा थर खरवडणारा ड्रेसर हाताशी ठेवा आणि चाक चमकायला लागलं की लगेच ड्रेस करा. चाक बसवण्यापूर्वी भोकात बोट घालून टांगतं धरा आणि लाकडी मुठीने हलकेच वाजवा. खणखणीत वाजलं तर शाबूत, भद्द वाजलं तर फेकून द्या. १५० मिमीचं चाक मिनिटाला २८५० फेरे घेतं तेव्हा त्याची कड सेकंदाला २२ मीटर वेगाने पळत असते. रेस्ट (टूल टेकवायची पट्टी) आणि चाक यांच्यात ३ मिमीपेक्षा जास्त फट नको, नाहीतर छोटा बिट तिच्यात ओढला जातो. नवं चाक पहिलं मिनिटभर रिकामं फिरवा आणि तेव्हा समोर उभे राहू नका. डोळ्यांना गॉगल हवाच. हातमोजे मात्र नकोत, ते चाकात ओढले जातात.

मोजे नसल्याचा एक फायदाही आहे. बोटं चिमट्यासारखी टूलजवळ ठेवली की उष्णता लगेच कळते. कार्बन पोलादाला चटका बसायला लागला की पाण्यात बुडवायचं, लाज धरायची नाही. तीन सेकंद घासा, दोन सेकंद पाणी. एचएसएस तापू द्या, पण अगदी लाल-जांभळं झालेलं झटकन पाण्यात घालू नका. अचानक थंड केल्याने केसासारखे बारीक तडे जाऊ शकतात आणि ते धारेवरच जातात. मी एचएसएस हवेत निवू देतो आणि तोवर दुसरा बिट हातात घेतो.

उताराचा कोन डोळ्याने साधायची गरज नाही. लाकडाची किंवा अ‍ॅल्युमिनियमची पाचर करून रेस्ट तिच्यावर तिरका लावा. १०० मिमी लांबीच्या पट्टीचं एक टोक १४ मिमी उचललं की ८ अंश, १७.६ मिमी उचललं की १० अंश. अर्धा अंश इकडेतिकडे झाला तर काही बिघडत नाही. कोनाचा नेमकेपणा नव्हे, उतार धारेपासूनच सुरू होणं महत्त्वाचं. कडेला ०.१ मिमीची जरी उभी पट्टी शिल्लक राहिली तरी तीच टेकते आणि तीच किंचाळते.

आता अर्धगोल आकार. ३ मिमी रुंद टोक, म्हणजे दीड मिमीची त्रिज्या. यासाठी पत्र्याचा गेज करा: पातळ पितळी पत्र्यात ३ मिमीचं भोक पाडा, बर काढा आणि बरोबर मध्यापर्यंत पत्रा कानशीने घासून टाका. उरलेली अर्धी वाटी हा तुमचा गेज. आधी बिटचा माथा अर्ध्यावर आणा, मायक्रोमीटरने २.५ मिमी. मग दोन्ही बाजू घासून टोक ३ मिमी रुंद करा, आणि शेवटी रेस्ट १० अंशांवर ठेवून टोक हलकेच डावी-उजवीकडे झुलवत गोलाई आणा. गेज टेकवून खिडकीकडे धरून बघा. उजेडाची रेघ जिथे दिसत नाही तिथे बिट टेकतोय, तेवढंच घासायचं. डोळ्याला मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाएवढी फटही उजेडात दिसते, म्हणजे ०.००२ मिमी. खाच दीडच मिमी खोल आहे, त्यामुळे जॉबमध्ये फक्त अर्धवर्तुळ शिरतं. त्याच्या मागच्या सरळ बाजू किंचित अरुंद झाल्या तर चालेल, रुंद राहता कामा नयेत.

माथ्याला रेक, म्हणजे धारेपासून मागे उतरता कोन, देऊ नका, सपाटच ठेवा. एरवी माइल्ड स्टीलला १२-१५ अंशांचा रेक छान चालतो, पण फॉर्म टूलला (स्वतःचाच आकार जॉबवर उमटवणाऱ्या टूलला) रेक दिला की जॉबवर उमटणारा आकार बिटवरच्या आकारापेक्षा वेगळा येतो, आणि बारीक बारमध्ये टूल आत खेचलं जातं. शेवटी तेलाचा बारीक दगड किंवा डायमंडची पट्टी आधी माथ्यावर सपाट फिरवा, मग गोलाईवर खालून वर. चाकाचे ओरखडे धारेपर्यंत पोचलेले असतील तर धार करवतीसारखी असते आणि तिचा एकेक दाता तुटत जातो. दगडावर दोन मिनिटं घालवली तर धार कितीतरी जास्त टिकते. अंगठ्याच्या नखावर धार अलगद ठेवून बघा. चावली पाहिजे, घसरली नाही पाहिजे.

चालवताना वेग कमी. माइल्ड स्टीलला एचएसएसचा नेहमीचा वेग मिनिटाला २५ मीटर, म्हणजे २० मिमी व्यासाला जवळपास ४०० फेरे. फॉर्म टूलची पूर्ण रुंदी एकदम कापते, म्हणून त्याच्या निम्मा ते एक-तृतीयांश: १३० ते २०० फेरे. तेल भरपूर. फीड दर फेऱ्याला दोन-तीन शतांश मिमी, पण सलग. कापरं भरलं की आपला हात आपोआप मागे येतो, फीड थांबतं, टूल जागच्या जागी घासतं आणि कापरं वाढतं. वेग उतरवा आणि फीड चालू ठेवा. शंका असेल तर टोक सेंटरच्या शतांश-दोन शतांश वर असलेलं चालेल; कापताना बार थोडा खाली दबतोच, आणि आतल्या कामात वर असलं की टाचेला जागा मिळते. खाली गेलं की टाच टेकते. बाहेरच्या टर्निंगमध्ये नेमकं उलटं होतं, म्हणून इथे हात चुकतो.

कार्बाइडचा प्रश्न आता. तुमच्या कामासाठी माझा सल्ला नको असा आहे. कार्बाइडची खरी कमाई जास्त वेगात आणि ताठ मशीनवर होते. १५० फेऱ्यांवर, बारीक बारवर, थरथरत्या कामात त्याची कड झडते. घासायला हिरवं सिलिकॉन कार्बाइडचं किंवा डायमंडचं चाक लागतं, आणि डायमंडच्या चाकावर पोलाद घासायचं नाही. गरम लोखंडात डायमंडचा कार्बन विरघळतो आणि चाक झिजतं. सगळ्यात महत्त्वाचं, कार्बाइडच्या धुळीत कोबाल्ट असतं आणि ती फुप्फुसांना घातक आहे. घासावंच लागलं तर ओलं घासायचं आणि योग्य मास्क लावायचा. कडक किंवा चिवट जॉब असेल तर त्याआधी ८ टक्के कोबाल्टचं एम-४२ एचएसएस वापरून बघा. ते त्याच पांढऱ्या चाकावर घासता येतं, फक्त थोडा जास्त वेळ लागतो.

दुसरं काम मला जास्त आवडलं. निमुळत्या बैठकीसाठी डी-बिट, म्हणजे अर्धा व्यास काढून टाकलेलं इंग्रजी D सारख्या छेदाचं टूल, करा, आणि इथे मात्र सिल्व्हर स्टील किंवा तेलात कडक होणारं ओ-१ हेच योग्य, कारण टूल आधी मऊ असताना लेथवर टर्न करायचं आहे. यातली सगळी खुबी एका गोष्टीत आहे. कंपाउंड स्लाइड (टूलपोस्टखालची तिरकी फिरवता येणारी स्लाइड) हव्या त्या कोनावर लावा, सुई टर्न करा, आणि स्लाइडला हात न लावता त्याच सेटिंगवर डी-बिटचा कोनही टर्न करा. कोन पाच अंश होता की पाच अंश वीस मिनिटं, याने काही फरक पडत नाही. सुई आणि टूल जुळी भावंडं आहेत, बैठक जुळणारच. टूलचा बिट दोन्ही वेळा बरोबर सेंटरला हवा, नाहीतर निमुळतेपणा सरळ रेषेत न येता किंचित पोकळ येतो.

टर्न करताना कोनाच्या मागे मूळ व्यासाचा सरळ तुकडा ठेवा, समजा ८ मिमी. आता कानशीने किंवा मिलिंग करून अर्धा व्यास काढून टाका, आणि ही सपाटी सरळ तुकड्यावरही दहा मिमी ओढा. कोनावर मायक्रोमीटर लावता येत नाही, सरळ तुकड्यावर येतो. तिथे ४.०० ते ४.०२ मिमी जाडी आली की थांबा. ४ च्या खाली जाऊ नका. अर्ध्यापेक्षा कमी राहिलं तर डी-बिटला भोकात आधार मिळत नाही आणि तो भरकटतो.

पाणी द्यायच्या, म्हणजे हार्डनिंगच्या, आधी पृष्ठभाग जितका गुळगुळीत करता येईल तितका करा, कारण नंतर गोल बाजूला हात लावायचा नाही. बोरिक अ‍ॅसिड स्पिरिटमध्ये कालवून लेप द्या आणि स्पिरिट पूर्ण उडू द्या. मग जाळ लावा. या लेपाने खपली कमी धरते आणि वरचा कार्बन जळत नाही. दोन हलक्या उष्णतारोधक विटा काटकोनात ठेवून कोपरा करा, म्हणजे टॉर्चची उष्णता परत फिरून येते. उजेड मंद ठेवा, उन्हात रंग फसवतो. जाळ जाड भागाकडून टोकाकडे न्या. टोक पातळ असल्याने आधी तापतं आणि जळतं. तारेला बांधलेलं चुंबक अधूनमधून लावत रहा. ७७० अंशांच्या आसपास पोलाद चुंबकाला चिकटणं सोडतं. सिल्व्हर स्टीलला त्याच्या किंचितच वर, ओ-१ ला आणखी एक छटा उजळ, म्हणजे ८०० च्या आसपास. सगळीकडे एकसारखा रंग आला की मिनिटभर तसाच धरा आणि सरळ उभं बुडवा: सिल्व्हर स्टील पाण्यात, ओ-१ कोमट तेलात. आडवं बुडवलं की एक बाजू आधी आकसते आणि टूल वाकतं. डी-बिट तसाही एका बाजूने चपटा असतो, त्याला वाकायला निमित्तच हवं असतं. बुडवून वर-खाली हलवा, गोल ढवळू नका. तेल पत्र्याच्या डब्यात, झाकण शेजारी, आणि उघड्यावर. प्लॅस्टिकच्या बादलीत कधीच नाही. तेलाचा भडका उडाला तर झाकण ठेवायचं, पाणी ओतायचं नाही.

कानस घसरली म्हणजे पाणी चढलं. या अवस्थेत टूल काचेसारखं असतं, टेबलावरून पडलं तर तुटतं. त्याच दिवशी टेम्पर करा. छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये २०० ते २२० अंश, तासभर. ओव्हन नसेल तर सपाटी पॉलिश कागदाने चकचकीत करा, शँकच्या बाजूने हळू तापवा आणि रंगाची लाट टोकाकडे सरकताना बघा. टोकाला फिकट गवती पिवळा रंग आला की पाण्यात. गवती रंग म्हणजे साधारण २२०. तपकिरी आला तर २५० च्या पुढे गेलात, जांभळा आला तर पुन्हा पहिल्यापासून.

यानंतर दगड फक्त सपाटीवर फिरवायचा. धारेच्या मागे गोल बाजूला केसभर सूट देणारे कारागीर आहेत, कापणं सोपं होतं. पण पहिल्या डी-बिटला ती देऊ नका. सूट जास्त झाली की मार्गदर्शन गेलं.

बैठक करताना आधी पायऱ्या-पायऱ्यांनी ड्रिल करून बहुतेक माल काढून टाका, डी-बिटला बाजूला दोन-तीन दशांशच ठेवा. सगळ्यात आधी भोकाचं तोंड, निदान सुरुवातीचे दोन मिमी, बोअरिंग टूलने खरं गोल करून घ्या. डी-बिट भोकाच्या मागे जातो. भोक वाकडं असेल तर तो इमानाने वाकडा जाईल. मिनिटाला १०० ते १५० फेरे, तेल, आणि दर मिलिमीटरला बाहेर काढून सपाटीवरचा कीस ब्रशने पुसायचा. कीस अडकला की तो भिंतीत रुततो आणि ती खरचट सुईवरून कायम गळते. शेवटचा दशांश चक हाताने फिरवून घ्या. मग सुईला निळ्या रंगाचा अगदी पातळ थर लावून बैठकीत टेकवा आणि पाव फेरा फिरवा. बैठकीत सलग निळं कडं उमटलं तर काम झालं. एका बाजूलाच उमटलं तर डी-बिट भरकटलाय. बोअरिंग टूलने तोंड पुन्हा गोल करून तो थोडा आणखी आत घ्या. दोन कडी उमटली, वर एक आणि खाली एक, मध्ये कोरं, तर सुई टर्न करताना आणि डी-बिट टर्न करताना टूलची उंची एक नव्हती.